वेदीच्या वाटेवरून रंगभूमीकडे

सेमिनरीत गेलेला मुलगा चार-पाच वर्षांनी घरी परतला की धर्मग्रामात कुजबुज सुरू होते. आईवडील मान खाली घालतात आणि मुलाची तेवढी वर्षे फुकट गेली, असा निकाल गाव देऊन मोकळा होतो. हा निकाल न्याय्य आहे काय? त्याचा विचार करताना आम्हांला अठराव्या शतकातील एका इंग्लिश नटाचे चरित्र आठवते.

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक शिक्षण देणे हा गुन्हा होता. १६९८ च्या कायद्याने कॅथलिक शाळा चालविणाऱ्यास जन्मठेप ठरविली होती. आपल्या मुलाला कॅथलिक शिक्षणासाठी समुद्रापार धाडणाऱ्या पालकास १०० पौंड दंड होता आणि ती रक्कम खबर देणाऱ्याच्या पदरात पडे. त्याआधीची शंभर वर्षेही कॅथलिकांना सुखाची नव्हतीच. म्हणून १५६८ साली विल्यम ॲलन यांनी आजच्या उत्तर फ्रान्समधील दुए या नगरीत इंग्लिश कॉलेज स्थापन केले. तेथे शिकून मायदेशी परतलेल्यांपैकी दीडशेहून अधिक जणांनी हौतात्म्य पत्करले. आपले 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स हेही त्याच छळाच्या काळात इंग्लंडबाहेर पडले, १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यास पोहोचले. परदेशी जाऊन शिकणे ही त्या पिढ्यांची हौस नव्हती; ती श्रद्धेने मोजलेली किंमत होती.

जॉन फिलिप केंबल याचा जन्म १७५७ साली झाला. पिता रॉजर केंबल कॅथलिक, माता प्रॉटेस्टंट; मुलगे पित्याच्या धर्मात आणि मुली मातेच्या धर्मात वाढाव्यात, असे त्या घरी ठरलेले होते. पिता गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीचा चालक. १६७९ साली हेरफर्ड येथे फाशी गेलेले वृद्ध धर्मगुरू जॉन केंबल, ज्यांना पोप सहावे पॉल यांनी १९७० साली संतपद दिले, ते आपल्याच कुळातील, अशी या घराण्याची परंपरा सांगे. तेही दुए येथेच शिकले होते. आपल्या थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे अशी पित्याची इच्छा असावी, यात नवल नाही. मुलगा प्रथम सेजली पार्कच्या कॅथलिक शाळेत गेला आणि १७७१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, दुए येथे दाखल झाला.

तेथील अभ्यासक्रम साहित्याचाच होता. व्याकरण, वाक्यरचना, काव्य आणि वक्तृत्व अशा पायऱ्यांनी विद्यार्थी वर चढे. लॅटिन व ग्रीक अभिजात ग्रंथ वाचायचे, मुखोद्गत करायचे आणि अर्थ जाणून खड्या आवाजात म्हणायचे, ही त्या शिक्षणाची रीत. उद्याच्या प्रवचनकारासाठी ही तयारी होती. परंतु चार वर्षांनी, १७७५ च्या सुमारास, जॉनने दुए सोडले आणि ८ जानेवारी १७७६ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन येथे तो नट म्हणून उभा राहिला.

पुढे १७८३ साली लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात 'हॅम्लेट'च्या भूमिकेत तो प्रथम दिसला, १७८८ साली त्याच नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला. त्याची थोर अभिनेत्री भगिनी सेरा सिडन्स त्याच्यासह रंगभूमी गाजवीत होती. कोरिओलेनस, ब्रूटस, केटो अशा रोमन पुरुषांच्या भूमिका हे त्याचे खास क्षेत्र. संथ, तोलून केलेले उच्चारण आणि भारदस्त उभे राहणे यांसाठी तो ओळखला जाई. काहींना ते थंड वाटे. रोमन वाङ्मयाच्या वर्गात घालविलेल्या कोवळ्या वयाचा ठसा आम्हांला त्या भूमिकांत दिसतो. जुन्या इंग्रजी नाटकांच्या हजारो प्रती त्याने आयुष्यभर जमविल्या. तो संग्रह आज अमेरिकेतील हंटिंग्टन ग्रंथालयात अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहे.

केंबल संत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १७९५ साली एका सहकारी अभिनेत्रीशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल त्याला वर्तमानपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली. साहित्याचे शिक्षण मनाला आकार देते. मनोनिग्रह मात्र ज्याचा त्याने रोज नव्याने कमवायचा असतो.

तरीही त्या घराण्याने दुएची वर्षे वाया गेली असे मानलेले दिसत नाही. कारण १७८८ च्या सुमारास धाकटा मुलगा चार्ल्स हाही तेथेच शिकायला गेला. तोही पुढे नटच झाला! फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात १७९३ साली ते कॉलेज बंद पडले. परंतु त्याची परंपरा इंग्लंडमध्ये अशॉ आणि वेअर येथील विद्यालयांनी पुढे चालविली.

पाचारण पारखून घेण्यासाठीच सेमिनरी असते. तेथे गेलेला प्रत्येक जण वेदीपर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि न पोहोचणारा प्रत्येक जण पळालेला नसतो. पेरणाऱ्याने पेरावे, कोणत्या शेतात कोणते पीक उभे राहील, हे प्रभू जाणतो. आपल्या धर्मग्रामांतील किती शिक्षक, गायक, वादक आणि नाट्यकर्मी अशा अर्ध्या वाटेवरून परतले आहेत, हे वाचकांनी आठवून पाहावे. तसा एखादा मुलगा उद्या बोचके घेऊन दारात उभा राहिला, तर 'का आलास?' असे त्याला विचारू नये. 'काय शिकून आलास?' असे विचारावे आणि त्याचे उत्तर निवांत बसून ऐकावे.