किला रायपूरचा क्रीडामेळा

पंजाबमधील लुधियाना शहराच्या दक्षिणेस, लुधियाना–धुरी–जाखल लोहमार्गावर किला रायपूर हे गाव आहे. सायकली आणि होजिअरी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लुधियानाच्या इतक्या जवळ असूनही या गावाची ओळख कारखान्यांमुळे झालेली नाही, तर तेथे हिवाळ्याच्या उत्तरार्धात, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत भरणाऱ्या क्रीडामेळ्यामुळे झाली आहे. देशात आणि परदेशांत हा मेळा 'ग्रामीण ऑलिंपिक' या नावाने ओळखला जातो. धावणे, उड्या, हॉकी आणि कबड्डी यांच्या जोडीला घोडेस्वारीच्या स्पर्धा, रस्सीखेच, शारीरिक बळाचे प्रयोग आणि एकेकाळी बैलगाड्यांच्या शर्यती असे या मेळ्याचे स्वरूप आहे.

पंजाबी भाषेत खेळांना 'खेडां' म्हणतात आणि या मेळ्याचा उल्लेख स्थानिक लोक 'किला रायपूर दीयां खेडां' असा करतात. मराठी वाचकाच्या कानाला त्यात 'खेडे' ऐकू येते. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती भिन्न असली, तरी या मेळ्याच्या बाबतीत ही गफलत फारशी चुकीची ठरत नाही.

मेळ्याची सुरुवात १९३३ मध्ये झाली. इंदरसिंग ग्रेवाल यांनी परिसरातील शेतकऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र यावे आणि आपल्या शक्तीची व कौशल्याची परीक्षा घ्यावी, अशी कल्पना मांडली. त्यासाठी निवडलेला काळ शेतीच्या वेळापत्रकाला धरून आहे. नोव्हेंबरमध्ये पेरलेला गहू या सुमारास शेतात हिरवागार उभा असतो आणि त्याची कापणी बैसाखीच्या आसपास, म्हणजे एप्रिलमध्ये सुरू होते. मधल्या काळात शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. ग्रेवाल घराण्याच्या नावाने स्थापन झालेल्या क्रीडा संघटनेने पुढे अनेक दशके या मेळ्याचे आयोजन केले. येथील हॉकी स्पर्धेसाठी एका पित्याने आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ शंभर तोळे सोन्याचा चषक दिला होता. 'भगवंत स्मृती सुवर्णचषक' या नावाने तो ओळखला जातो. एखाद्या गावच्या मैदानावर सोन्याच्या चषकासाठी सामने व्हावेत, यावरून पंजाबच्या ग्रामीण जीवनातील हॉकीचे स्थान लक्षात येते.

मैदानी स्पर्धांमध्ये शंभर मीटरपासून लांब पल्ल्यापर्यंतच्या शर्यती, उड्या आणि गोळाफेक यांचा समावेश असतो. मुली व महिला यांच्याही स्पर्धा होतात. वृद्धांच्या शर्यतींना प्रेक्षकांची विशेष दाद मिळते. पांढरी दाढी आणि डोक्यावर फेटा असलेले सत्तरी ओलांडलेले स्पर्धक अनवाणी धावतात, तेव्हा कोण पहिला आला याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. शारीरिक बळाच्या प्रयोगांची वृत्तपत्रांतील छायाचित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. दातांनी किंवा केसांनी मोटार ओढणे, जड पोती उचलणे, दाताने नांगर उचलणे असे हे प्रयोग आहेत. त्यांना स्पर्धा म्हणण्यापेक्षा जत्रेतील कसरती म्हणणे अधिक योग्य ठरेल. मात्र धान्याची पोती ट्रॉलीत भरण्याची आणि उतरविण्याची शर्यत ही खरोखरच शेतीच्या कामातून जन्मलेली आहे. या मैदानावर जिंकणारा तरुण बाजार समितीच्या आवारातही तेच काम करीत असतो.

येथे खेळली जाणारी कबड्डी महाराष्ट्रातील वाचकांना काहीशी अपरिचित वाटेल. आपल्याकडील हुतूतूपासून विकसित झालेली आणि आज राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळली जाणारी कबड्डी आयताकृती मैदानावर होते. पंजाबची कबड्डी वर्तुळाकार मैदानावर खेळली जाते आणि तिच्यात चढाई करणाऱ्याची लढत प्रत्यक्षात एकाच बचावपटूशी होते. त्याने स्पर्श केलेल्या खेळाडूने त्याला जागीच पकडून ठेवावयाचे असते. साहजिकच डावपेचांपेक्षा पकडीला, आणि पर्यायाने कुस्तीच्या अंगाला, अधिक महत्त्व येते.

घोडेस्वारीच्या स्पर्धा हा या मेळ्याचा सर्वांत जुन्या परंपरेशी जोडलेला भाग म्हणावा लागेल. त्यात धावण्याच्या शर्यती असतात आणि नेझाबाजी, म्हणजेच 'टेंट पेगिंग', असते. जमिनीत रोवलेली लाकडाची अरुंद खुंटी भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलून न्यावयाची, असा हा खेळ आहे. खुंटी भाल्यावर टिकवून ठरावीक अंतर नेणाऱ्यास सर्वाधिक गुण मिळतात. नुसती उपटल्यास कमी आणि केवळ भाला लागल्यास त्याहून कमी गुण दिले जातात. स्वाराने खुंटीवर नजर ठेवून खाली झुकावयाचे असते आणि त्याच वेळी घोड्याने वेग कमी न करता सरळ रेषेत धावावयाचे असते. स्वार एक क्षण आधी झुकला तर घोडा रेषा सोडतो, एक क्षण उशीर झाला तर खुंटी मागे पडते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये या खेळाचा समावेश होता आणि त्यात भारताच्या रूपिंदरसिंग ब्रार यांनी सुवर्णपदक मिळविले होते. त्यानंतर आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात त्याला स्थान राहिले नाही. सैन्यदले व निमलष्करी दले यांच्या घोडदळांबरोबरच अशा ग्रामीण मेळ्यांमुळे तो टिकून आहे.

निहंग शीख स्वारांची प्रात्यक्षिके हे या मेळ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. निळा पोशाख आणि उंच फेटा घातलेले निहंग दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौड करतात. ही परंपरा किला रायपूरहून कितीतरी जुनी आहे. गुरू गोविंदसिंग यांनी आनंदपूर साहिब येथे १७०१ मध्ये होळीच्या दुसऱ्या दिवशी होला मोहल्ला सुरू केला. त्यात शस्त्रविद्या आणि घोडेस्वारी यांचा सराव युद्धाच्या तालमीच्या रूपाने होत असे आणि आजही आनंदपूर येथे तो उत्सव साजरा होतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे नांदेड येथे निर्वाण झाले. तेथील तख्त हुजूर साहिब येथेही होला मोहल्ल्याची मिरवणूक निघते. त्यामुळे मराठवाड्यातील वाचकांना निहंगांची घोडेस्वारी पाहण्यासाठी पंजाबपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

बैलगाड्यांच्या शर्यती हे अनेक दशके या मेळ्याचे सर्वांत मोठे आकर्षण होते. हलकी गाडी, दोन बैल आणि त्यांच्यामागे तोल सांभाळणारा एक गाडीवान हे येथील दृश्य देशोदेशीच्या छायाचित्रकारांना खेचून आणीत असे. हरितक्रांतीनंतर पंजाबच्या शेतात ट्रॅक्टर आले आणि नांगराला बैल जुंपण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर अनेक घरांत बैल सांभाळला गेला तो केवळ शर्यतीसाठी. त्याचा खुराक, मालीश आणि सराव यांवर होणारा खर्च शेतीच्या हिशोबात बसणारा नव्हता. तो हौसेचा आणि प्रतिष्ठेचा खर्च होता.

केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्र, पंजाब आदी राज्यांतील बैलगाडा शर्यती बेकायदेशीर ठरविल्या. बैलांना टोचण्या मारणे, त्यांच्या शेपट्या पिरगळणे अशा क्रूर प्रकारांची नोंद न्यायालयाने घेतली होती आणि ती निराधार नव्हती. किला रायपूर येथील शर्यतीही त्यामुळे थांबल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने काढलेल्या सवलतीच्या अधिसूचनेला न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करण्यास राष्ट्रपतींची संमती आवश्यक असते. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी २०१७ मध्ये हा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्रातील शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी आणि धावपट्टीच्या लांबीवर मर्यादा या अटी महाराष्ट्रातील गाडामालकांना आता पाठ झाल्या आहेत. पंजाब विधानसभेनेही २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक संमत केले होते, परंतु त्यानंतर शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये विधानसभेने याच उद्देशाने नवे विधेयक संमत केले.

अकरा वर्षांचा हा काळ बैलाच्या दृष्टीने फार मोठा असतो. २०१४ पूर्वी धावलेले बैल केव्हाच म्हातारे झाले आणि त्यानंतर जन्मलेल्या बैलांना शर्यतीची तालीम देण्याचे कारणच नव्हते. कायदा कागदावर बदलता येतो. परंतु बैलाची पारख करणारे, त्याला मारल्याशिवाय पळविणारे आणि गाडीवर उभे राहून तोल राखणारे गाडीवान नव्याने घडवावे लागतात. प्राणिमित्र संघटनांचा आक्षेप कायम आहे आणि तो केवळ शहरी भावनाप्रधानता म्हणून झटकून टाकता येणार नाही. शर्यतीत टोचणीला खरोखर बंदी राहते की नाही, हे अधिसूचनेवरून नव्हे, तर मैदानावरील देखरेखीवरूनच ठरेल.

दरम्यान मेळा बंद पडला नाही. बैलांची जागा काही प्रमाणात घोडे, खेचरांच्या गाड्या आणि श्वानांच्या शर्यती यांनी भरून काढली. आयोजनाच्या बाबतीतही बदल झाला. मैदानाच्या जागेवरून निर्माण झालेला वाद न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ व २०२५ मध्ये स्पर्धांचे आयोजन जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने झाले. सरकारी व्यवस्थेमुळे निधी व सुरक्षेची सोय होते, हे खरे. मात्र ज्या मेळ्याचे यजमानपद गावातील घराघराने सांभाळले, पाहुण्या खेळाडूंना जेथे घरोघरी जेवण मिळे, तेथे मंडप आणि व्यासपीठ वाढले की गावकरी प्रेक्षकांच्या रांगेत जाऊन बसतात. कॅनडा व ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी नागरिक आजही सुट्टीचा बेत या दिवसांना जुळवून आखतात.

मेळा साधारणतः तीन दिवस चालतो. किला रायपूर येथे रेल्वेस्थानक असून लुधियानाहून रस्त्यानेही पोहोचता येते. तारखा दरवर्षी बदलत असल्याने प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी लुधियाना जिल्हा प्रशासनाकडून त्यांची खात्री करून घेणे इष्ट ठरेल. घोडेस्वारीच्या स्पर्धा पाहावयाच्या असल्यास त्या कोणत्या दिवशी आहेत, याचीही त्याच वेळी चौकशी करावी.