काचेतल्या सावल्या

१९४८ साली चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट आली आणि चित्रकारांनी काय रंगवावे हे सरकार ठरवू लागले. अमूर्त चित्र म्हणजे जणू गुन्हाच! काचेकडे मात्र अधिकाऱ्यांची नजर फारशी वळली नाही. त्यांच्या लेखी काच म्हणजे पेले नि फुलदाण्या.

स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांची गाठ पडली ती झेलेझनी ब्रॉड या काचकामाच्या गावी. त्यांनी चित्र काढावे, बाईंनी ते मातीत घडवावे. मग प्लॅस्टरचा साचा, त्यात काचेचे तुकडे, आणि भट्टी. ओतलेली काच घाईने निवविली तर तडकते, म्हणून मोठ्या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. त्यांच्या आरंभीच्या एका वाडग्यात माणसाचा चेहरा पोकळीत उमटविला आहे. नाक खरे म्हणजे आत गेलेले. पण काचेतून पाहावे तर पुढे आल्यासारखे दिसते. रंग एकच, तरी जाड भागी गडद, पातळ भागी फिका. शाळेत आम्ही मुलांना पेन्सिलीने छाया भरायला शिकवतो. इथे ते काम काचेची जाडीच करते!

१९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात या जोडीचा गौरव झाला. १९६८ च्या ऑगस्टात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी दोघांनी काचेची ‘जीवनाची नदी’ घडविली, सुमारे २२ मीटर लांब. तिच्या पृष्ठभागावर लष्करी बुटांचे ठसे होते. सरकारने ते ओळखले, आणि काढून टाकायला लावले.