जमीन कोणाची?

आपल्या इमारतीतल्या बहुतेकांचं हे पहिलंच घर. माझंही. १९९८ साली बुकिंग केलं तेव्हा मी बँकेत होतो, लोकांचे सातबारे आणि तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट तपासत होतो. १९६३ चा मोफा कायदा तोंडपाठ. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करार नोंदवून द्यायचा, हे बिल्डरला मीच ऐकवलं आणि करार नोंदवून घेतला. घरी आल्यावर सौ.नी विचारलं, "आणि जमीन कोणाची?" म्हटलं, करारात वेगळी मुदत नाही, तेव्हा सोसायटी नोंदली की चार महिन्यांत आपली. नियमच आहे तसा!

सोसायटी २००० साली नोंदली गेली. शेअर सर्टिफिकेटं मिळाली, मेंटेनन्स सुरू झाला. सातबारा मात्र जुन्या मालकाच्याच नावे. "करू हो साहेब" हे उत्तर आम्ही किती वर्षं ऐकलं! २००८ च्या दुरुस्तीमुळे बिल्डरच्या सहीवाचून, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून डीम्ड कन्व्हेयन्स मिळायची सोय झाली. मग चोवीस घरांचे करार आणि इंडेक्स टू गोळा करताना कमिटीच्या नाकी नऊ आले. एका आजींचा करार देवघरात निघाला, हळदकुंकू लावलेला.

२०१३ साली सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं. सौ.नी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "झाले का चार महिने?"

मूळ दस्त ऑफिसच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. नव्या कमिटीने एकदा पाहून घ्यावा.