सशाचा हिरवा घास

मराठींत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांना लावतों. पंचतंत्रांत सिंहाला विहिरींत त्याचेंच प्रतिबिंब दाखवून बुडविणारा ससा, किंवा चंद्रावर ज्याची आकृति दिसते म्हणून चंद्राला आपण शशांक म्हणतों तो ससा, हा आपल्या रानांतला. तो बीळ खणीत नाहीं. गवतांत अंगापुरती खोलगट जागा करून तो बसतो, आणि त्याचीं पिलें अंगावर लव घेऊन व उघड्या डोळ्यांनींच जन्मास येतात. शहरांतल्या गॅलरींत पिंजऱ्यांत पाळलेला पांढरा ससा मात्र जातीनें परका. त्याचें माहेर स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा दक्षिण भाग. तो बिळांत राहतो, आणि त्याचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. इंग्रजी भाषेनें या दोघांना दोन नांवें दिलीं आहेत. आपल्याकडे परका पुष्कळ उशिरा आला, म्हणून त्याला घरच्याच नांवावर भागवावें लागलें.

आज मी बोलणार आहें तें माणसानें या दोघांच्या तोंडापुढें धरलेल्या हिरव्या घासाविषयीं. इतिहासाच्या पुस्तकांत राजांनीं काय जिंकलें तें असतें. राजवाड्यांतील वा झोपडींतील जनावरांनीं काय खाल्लें, हा प्रश्न परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं. परंतु ज्या काळीं माणसाला स्वतःच्या घासाची भ्रांत पडली, त्या काळीं सशाच्या घासालाही इतिहासांत जागा मिळालेली आहे.

रोमन लोक भिंतीनें वेढलेल्या आवारांत ससे ठेवीत. वॅरो नांवाच्या रोमन पंडितानें वयाच्या ८० व्या वर्षीं शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या आवारांचें वर्णन आहे, आणि स्पेनच्या बीळ खणणाऱ्या सशाचा उल्लेखही आहे. हा प्राणी मोकळा सुटला म्हणजे काय करतो, हें प्लिनी सांगतो: बॅलिॲरिक बेटांवरील लोकांचीं पिकें सशांनीं इतकीं फस्त केलीं कीं, त्यांनीं सम्राट ऑगस्टस याच्याकडे सैन्याची मदत मागितली. पुढें ख्रिस्ती मठांतील साधूंनीं हा ससा माणसाळविला, आणि तो सहाव्या शतकांतील एका पोपच्या आज्ञेमुळें, अशी एक कथा अनेक पुस्तकांतून बिनदिक्कत छापली जात असे. २०१८ सालीं संशोधकांनीं मुळाशीं जाऊन पाहिलें, तों पोपची तशी आज्ञा कोठेंच नाहीं. ग्रेगरी नांवाच्या दुसऱ्याच एका लेखकाचें वाक्य पोप ग्रेगरीच्या माथीं मारलें गेलें होतें. नांवांच्या सारखेपणानें असे घोटाळे आपल्याकडेही कांहीं कमी झालेले नाहींत!

इंग्लंडांत फिशबोर्न येथें एक रोमन राजवाडा उकरून काढलेला आहे. तेथें १९६४ मध्यें चार सेंटिमीटर लांबीचा हाडाचा एक तुकडा मिळाला आणि पेटींत पडून राहिला. तो पहिल्या शतकांतील सशाचा आहे, हें २०१९ मध्यें जाहीर झालें. त्यावर खाटकाच्या सुरीची खूण नव्हती; तो ससा कोंडून ठेवलेला, बहुधा हौसेनें पाळलेला असावा, असें तज्ज्ञांचें मत पडलें. त्याला कोणी काय खाऊं घातलें, हें मात्र कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

तें लिहून ठेवणारा माणूस यावयास अठरावें शतक उजाडावें लागलें. विल्यम कूपर हा इंग्रज कवि. जन्म १७३१, मृत्यु १८००. याच्या मनाला वरचेवर विषण्णतेचे झटके येत. १७७३ सालचा झटका इतका भयंकर होता कीं, आपल्याला ईश्वरानेंच टाकलें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि त्यानें जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यांतून तो कसाबसा बाहेर आला. ऑल्नी नांवाच्या लहानशा गांवांत तो राहत असे. वाचन नको, माणसें नकोत, वेळ तर जाता जात नाहीं, अशा स्थितींत १७७४ सालीं शेजारच्या मुलांनीं आणून मग हेळसांड केलेलें रानसशाचें एक तीन महिन्यांचें पिलूं त्याच्याकडे आलें. कवीला ससा हवा आहे असें गांवांत समजतांच जो तो पिलें आणूं लागला. शेवटीं त्यानें तीन ठेवून घेतलीं. पस, टायनी आणि बेस हीं त्यांचीं नांवें; त्यांतील दोन नांवें बायकी असलीं तरी तिघेही नर होते, असा खुलासा त्यानें स्वतःच केला आहे.

त्यानें स्वतःच्या हातानें त्यांच्यासाठीं घरकुलें केलीं. रात्रीं प्रत्येकाचा बिछाना वेगळा, दिवसां दिवाणखान्यांत मोकळीक. पुढें पस आजारी पडला. कूपरनें त्याला इतर दोघांपासून निराळें ठेविलें, त्याची शुश्रूषा केली आणि नाना प्रकारच्या वनस्पति त्याच्यापुढें धरून पाहिल्या. ज्याला स्वतःच्या औषधपाण्याची आस्था उरली नव्हती, तो मनुष्य बागेंतलें एकेक पान तोडून सशापुढें धरतो आहे, आणि कोणतें खातो, कोणतें टाकतो तें बारकाईनें पाहतो आहे! पस बरा झाला आणि त्यानें धन्याचा हात सर्व बाजूंनीं चाटला. मग रोज न्याहारीनंतर कूपर त्याला बागेंत नेई. तेथें काकडीच्या वेलाच्या पानांखालीं तो सबंध दिवस निजे किंवा रवंथ करी. बागेची इतकी गोडी लागली कीं, नेण्याची वेळ झाली म्हणजे तो धन्याच्या गुडघ्यावर पायांनीं ताशा वाजवी, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर कोटाचें टोक दातांत धरून ओढी.

हा सगळा अनुभव कूपरनें १७८४ मध्यें 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत प्रसिद्ध केला. डँडेलियन, त्याच्याच जातकुळींतील पाथरीसारखी एक दुधाळ रानभाजी आणि लेट्यूस यांवर सशांची विशेष भक्ति. हिरवें कोंवळें धान्य, त्याचीं पातीं आणि कणसें दोन्ही, त्यांना प्रिय. सुगंधी वनस्पतींची आवड. कोणत्याही धान्याचा कडबा चाले. काटेरी हॉथॉर्नच्या आणि रानगुलाबाच्या काटक्या तर ते बऱ्यापैकीं जाड असल्या तरी लाकडासकट चावून खात. हिंवाळ्यांत पाला मिळेनासा झाला म्हणजे पावांत गाजराचा कीस व सफरचंदाची अगदीं पातळ साल मिसळून तो देई; मौज अशी कीं, साल आवडे पण सफरचंदाच्या गराचा त्यांना तिटकारा. पक्ष्याचा पिंजरा साफ करतांना बारीक पांढरी वाळू जमिनीवर ठेवली होती, ती सशांनीं अधाशासारखी खाल्ली. ती पचनास मदत करीत असावी, असा त्यानें तर्क केला. बेस लवकर वारला. टायनी नऊ वर्षें जगला. तो अखेरपर्यंत तुसडाच राहिला, तरी त्याच्या मृत्यूवर कूपरनें कविता लिहिली. पस ११ वर्षें ११ महिने जगला.

माझ्या मतें या लेखाचें मोल कवितेपेक्षां कमी नाहीं. ससा काय खातो हें शिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना ठाऊक होतें, पण तें त्याला चुकविण्यासाठीं वा मारण्यासाठीं. तो सुखानें जगावा म्हणून पानांची अशी पारख करणारा कूपर हा वेगळाच मनुष्य. शिवाय त्याचीं निरीक्षणें आजही टिकतात. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात, ते झिजावयास चिवट, तंतुमय चारा लागतो. काटक्या चावण्याचें कारण तेंच. रवंथाबद्दल मात्र थोडें सांगितलें पाहिजे. ससा रवंथ करतो ही समजूत फार जुनी, बायबलाइतकी. वस्तुतः गाईप्रमाणें त्याला पोटांतला घास तोंडांत परत आणतां येत नाहीं. त्याला ओकतांही येत नाहीं. तो करतो तें असें: आंतड्याच्या एका मोठ्या पिशवींत चारा आंबतो, त्याच्या मऊ गोळ्या बाहेर पडतांच तो त्या तोंडानें उचलून गिळतो, आणि त्याच चाऱ्यांतून दुसऱ्यांदा पोषण काढून घेतो. ऐकावयास किळसवाणें वाटेल, पण निकृष्ट गवतावर जगण्याची ही युक्ति आहे. मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ मध्यें हें वर्णिलें. परंतु जग तें विसरून गेलें होतें, आणि १९३९ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत ससा रवंथ करतो काय, हा प्रश्न पुन्हां नव्यानें विचारला गेला.

त्याच १९३९ च्या सप्टेंबरांत दुसरें महायुद्ध सुरू झालें. ब्रिटनला धान्य आणि मांस बव्हंशीं समुद्रावरून येई, आणि समुद्रांत जर्मन पाणबुड्या. १९४० च्या जानेवारींत शिधापत्रिका आल्या. मार्चमध्यें मांसही त्यांवर गेलें. माणशीं आठवड्याला १ शिलिंग १० पेन्स किंमतीचें मांस, आणि पुढच्या वर्षीं तें १ शिलिंग २ पेन्सांवर उतरलें. सशाचें मांस शिधापत्रिकेवर नव्हतें. तेव्हां ज्यांच्या परसांत चार हात जागा होती, त्यांनीं जुन्या खोक्यांचे पिंजरे ठोकून ससे पाळावयास सुरुवात केली. पण त्यांना घालावयाचें काय? कोंबडीला दाणे लागतात, डुकराला खरकटें. दाणे तर माणसांनाच पुरत नव्हते आणि जनावरांच्या खाद्यावरही १९४१ मध्यें नियंत्रण आलें. थोडासा कोंडा हवा तर ससे पाळणाऱ्यांच्या मंडळाचें सभासद व्हावें लागे. उरला तो रस्त्याच्या कडेचा पाला. १९४१ मध्यें पेंग्विन प्रकाशनानें गुडचाइल्ड व टॉम्सन यांचें एक लहान पुस्तक काढलें. उरल्यासुरल्यावर कोंबड्या व ससे कसे पोसावे, हाच त्याचा विषय, नांवही तसेंच.

मग सबंध देशाला तणांची ओळख नव्यानें पटली. डँडेलियन, क्लोव्हर, प्लँटेन, ब्लॅकबेरीचीं पानें, कोबीचीं बाहेरचीं जाड पानें, गाजराचे शेंडे, मटाराचे वेल. ज्या तणाला बागवान शिव्या देत असे तें आतां पिशवी घेऊन शोधावें लागे. हें काम पुष्कळदां मुलांकडे असे. आणि येथेंच गोष्ट अवघड झाली. जो मुलगा रोज संध्याकाळीं पिशवीभर पाला आणतो, हातानें भरवितो, तो त्या सशाला नांव ठेवल्यावांचून राहत नाहीं. बी. बी. सी. नें २००३ ते २००६ या काळांत सामान्य माणसांच्या युद्धकालीन आठवणी गोळा केल्या. सुमारें ४७,००० आठवणी जमल्या. त्यांत परसांतल्या सशांच्या आठवणी आहेत, आणि ज्याला आपण पाला घातला तोच रविवारच्या जेवणांत आला हें कळल्यावर ताट बाजूस सारणाऱ्या मुलांच्याही आहेत. त्या मातापित्यांना दोष देण्यास माझी जीभ उचलत नाहीं. वाढत्या वयाचीं मुलें, आणि आठवड्याला मूठभर मांस. सुटका व्हावी म्हणून कांहीं घरें शेजाऱ्याशीं सशांची अदलाबदल करीत. आपण पोसलेला निदान आपल्या ताटांत तरी येऊं नये!

मांसावरील नियंत्रण १९५४ च्या जुलैंत उठलें. त्याच्या आदल्याच वर्षीं मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्यें शिरला आणि रानांतले ससे लाखोंनीं मेले. सशाचें मांस लोकांच्या मनांतून उतरलें, आणि पिंजऱ्यांतला ससा मुलांच्या हौसेचा धनी होऊन राहिला.

पाल्याच्या पिशवींतून विषही येऊं शकतें, हें त्या काळच्या लोकांना शिकावें लागलें. बटाट्याचा हिरवा पाला, ऱ्हुबार्बचीं पानें, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिलचे कांदे हे वर्ज्य. कोथिंबिरीच्या कुळांतल्या रानटी वनस्पतींत एक चांगली तर दुसरी हेमलॉकसारखी प्राणघातक, आणि पानें दिसावयास बरींच सारखीं. बेलाडोनाची गंमत निराळी. आपल्या धोत्र्याच्याच कुळांतली ही विषारी वनस्पति कित्येक ससे खाऊन पचवितात. त्यांच्या रक्तांत ॲट्रोपीन हें विष फोडणारें द्रव्य असतें आणि तें आईबापांकडून पिलांत उतरतें, असें अमेरिकेंतील सॉविन व ग्लिक यांनीं १९४३ मध्यें, म्हणजे ऐन युद्धांतच दाखविलें. परंतु हें द्रव्य सर्वच सशांत नसतें. आपल्या सशांत तें आहे कीं नाहीं, हें धोत्रा घालून पाहण्यासारखें नाहीं.

ज्यांच्या घरीं मुलांनीं हट्टानें ससा आणला आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. चित्रांत ससा नेहमीं गाजर खातांना दाखवितात, म्हणून मुलें त्याला गाजरच भरवितात. पण गाजर गोड, तें चवीपुरतें. मुख्य अन्न गवत: हरळी, किंवा वर्षभर पुरेल असें सुकविलेलें गवत, तें पिंजऱ्यांत अष्टौप्रहर असावें. त्यावर कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना, कधीं पाथरी. लसूणघास जनावरांना बाजारांत सहज मिळतो म्हणून मोठ्या सशाला रोज पोटभर घालूं नये. त्यांत चुन्याचा अंश फार. नवीन पाला एकाएकी पुष्कळ घातला तर पोट बिघडतें, आणि सशाचें पोट बिघडून त्यानें खाणें सोडलें तर एका दिवसाचाही उशीर न करतां पशुवैद्याकडे न्यावें. कुंपणाची कण्हेर आणि घाणेरी यांच्या जवळपासही त्याला सोडूं नये. रस्त्याच्या कडेचा पाला आणणाऱ्यानें तेथें औषध फवारलें आहे काय, कुत्रीं फिरतात काय, एवढें पाहून घ्यावें, आणि पिंजऱ्यांत टाकण्यापूर्वीं तो स्वच्छ पाण्यांतून काढावा.