तेव्हा मन, आता पगार

भाचीच्या नवऱ्याचा ब्रिटनचा व्हिसा एकदा नाकारला गेलाय, आता पुन्हा अर्ज करायचाय. पोरगी रडवेली झाली होती. मास्तरच मी, तिला इतिहास सांगत बसलो.

१९८० च्या दशकात तिथे 'मुख्य हेतू'चा नियम होता. ब्रिटनमध्ये राहायला मिळावं म्हणून हे लग्न केलेलं नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं! कांदेपोह्यांवर ठरलेल्या लग्नाचा हेतू कागदावर कसा दाखवणार? कित्येक नवरे इकडेच अडकले. जून १९९७ मध्ये नियम रद्द झाला. २०१२ मध्ये उत्पन्नाची अट आली: १८,६०० पौंड. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० झाली.

म्हटलं, "बाळा, जुना नकार लपवू नकोस. ज्या कारणाने नाकारलं, त्याचं उत्तर आधी जोड."