चिंचोके, शिंपले आणि एक रिकामा खण

तुळिंज म्हणजे आता नालासोपारा पूर्वेची गर्दी. पण इथे भातशेती होती तेव्हा आकडे पाटीवर नंतर आले, हातात आधी आले. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. आम्ही पोरं शेजारी बसून दर मापाला एक खडा बाजूला टाकायचो. मोजणारा बोलण्यात गुंतला तरी खडे सांगायचे, किती झालं ते. चार शेरांची पायली, विसांची कोडी, हे मुद्दाम कुणी शिकवलं असं आठवत नाही. आणि हीच पोरं शाळेत गेली की शेरा मिळायचा, ‘गणितात कच्चा.’

तो खडा शाळेत न्यायचं काम आपल्याच जिल्ह्यात झालं. विरारहून डहाणूच्या पुढे घोलवडला उतरलं की बोर्डी जवळच. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. ताराबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, १९२६ च्या नूतन बाल शिक्षण संघातही त्या होत्या. मॉन्टेसरी पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती.

ती पद्धत निघाली रोमच्या एका गरीब वस्तीत. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये तिथे बालगृह उघडलं. गणितासाठी त्यांचे दहा लाकडी दांडे आहेत. सगळ्यांत लहान दहा सेंटिमीटरचा, सगळ्यांत मोठा एक मीटरचा. त्यामुळे ‘सात’ हा नुसता तोंडचा शब्द राहत नाही. तो उचलता येतो, ‘सहा’च्या शेजारी ठेवला की एका घराने पुढे गेलेला दिसतो. दुसरी चात्यांची पेटी. शून्य ते नऊ असे दहा खण आणि चात्या पंचेचाळीस. ज्या खणावर जो आकडा, तेवढ्या चात्या आत. शून्याच्या खणात काही ठेवायचं नाही. बरोबर मोजलं तर शेवटी हात रिकामा होतो, आणि एखादी उरली किंवा कमी पडली तर कुठेतरी घोळ झालाय हे पोराचं पोरालाच कळतं. बाईंना ओरडावं लागत नाही. मला या सगळ्यांत तो रिकामा खणच फार आवडतो. शून्य समजावून सांगत बसण्यापेक्षा ते दाखवणं किती सोपं!

अडचण पैशाची होती. गरिबांच्या पोरांसाठी निघालेली ही साधनं आपल्याकडे येईपर्यंत शहरातल्या सधन घरांची झाली. मापात कापलेलं गुळगुळीत लाकूड बोर्डीच्या वस्तीत कुठून आणायचं? ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या घेतल्या. समुद्र शेजारी, झाडं दारात. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सोबतीला गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा भरली. पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शब्दाबरोबर खडे आणि शिंपले किती पोचले, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत जाऊन बघावं.

चिंचोक्यांत उणीव नाही असं नाही. ते लहानमोठे असतात, त्यांनी लांबी कळत नाही. त्याला बांबूच्या कांबी नीट मापून कापाव्या लागतात.

आता तुळिंजमध्ये शेतं नाहीत, चाळी आहेत, इमारती आहेत. चार वर्षांचं पोर इंग्रजीत शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं, आईबाप कौतुकाने ऐकवतात. ‘पाच बटाटे आण रे’ म्हटलं की ओंजळभर घेऊन येतं.

मराठीत आणखी एक गाठ आहे. तेवीस म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना दोन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं, पण लोकांना थट्टाच जास्त सुचली. खरं तर काटक्यांच्या दहा-दहाच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काटक्या समोर ठेवल्या की तेवीस म्हणा नाहीतर वीस तीन, पोर गोंधळत नाही.

आमच्या शेजारच्या खोलीतली आजी झाडूच्या हिरांचे तुकडे करून नातीकडून अशा जुड्या बांधून घेते. परवा दहा जुड्या झाल्या. नातीने विचारलं, “आजी, ह्या दहा जुड्यांची पण एक जुडी बांधू?”

आजी म्हणाली, “बांध की गं बाय.” पण एवढ्या जाड जुडीला रबर पुरेना. मग तिने परकराची जुनी नाडी शोधून दिली.