पांझरेकाठचे फड आणि पाण्याचे गणित

सन १८८४. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेतलेला एक तरुण सहायक अभियंता खानदेशात धुळ्याला कामावर आला. पांझरा नदीच्या एका पाटाचे पाणी दातर्ती गावाजवळ नळाच्या वक्रनलिकेतून (सायफनमधून) पलीकडे न्यायचे, हे त्याचे सुरुवातीचे काम. हा तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्या खोऱ्यात तो ही विद्या वापरीत होता, तेथील शेतकरी त्याआधी दोन-तीनशे वर्षे पाणी खेळवीत होते. त्यांच्या पद्धतीचे नाव फड.

पांझरा आणि तिच्या शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर जागोजागी दगडी बंधारे घातलेले असत. बंधाऱ्यातून दोन ते बारा किलोमीटर लांबीचा कालवा निघे. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि सारंगातून शेत असा पाण्याचा प्रवास होई. जादा पाणी सांडमांतून पुन्हा नदीकडे जाई. भिजणाऱ्या जमिनीचे साधारणपणे चार भाग करीत. हेच फड. एका फडात एकच पीक घ्यायचे, आणि दरवर्षी पीक दुसऱ्या फडात न्यायचे, हा दंडक होता. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवीत. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने टंचाईचा वाटा सर्वांना सारखा उचलावा लागे. पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करी. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. नियम तोंडी होते, पण ते पाळले जात.

यात विज्ञान कोठे आहे? एक हिशेब करून पाहू. कालव्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४५० लिटर. १०० हेक्टरच्या फडाला ७.५ सेंटिमीटर पाणी द्यायचे, तर ७५,००० घनमीटर पाणी लागेल. गळती सोडली तर हे काम सुमारे ४६ तासांत होते. तेवढा वेळ बाकीच्या चाऱ्या कोरड्या राहतात व पाझरून जाणारे पाणी वाचते. एकाच पिकाची तहान एकाच वेळी लागते, म्हणून पाळी ठरवणे सोपे जाते. खानदेशच्या काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. उसासारखे पीक वर्षानुवर्षे एकाच जागी घेतले तर भूजल वर येते, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि जमीन खारावते. पीक फिरते ठेवले की जमिनीला उसंत मिळते.

पुढे १८९९ नंतर पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे काम पाहताना विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, एका भागात ऊस व उरलेल्यात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि ती फिरवायची. तत्त्व फडासारखेच होते, मात्र एक फरक होता. ब्लॉकचा करार सरकार आणि शेतकरी यांच्यात होई, तर फडाचा करार शेतकऱ्यांचा आपसांत होता.

हा आपसांतला करारच पुढे सैल पडला. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याने त्याने आपापले पीक निवडले आणि अनेक ठिकाणचे फड मोडले. बंधारे पुन्हा बांधता येतात, पण पाटकऱ्याच्या डोक्यातला पाळ्यांचा हिशेब एका पिढीत पुसला जातो. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने पाणी मोजून शेतकऱ्यांच्या संस्थेच्या हाती द्यायचे आणि आतले वाटप संस्थेने करायचे असे ठरवले. मापन अभियंत्याचे आणि वाटप गावाचे, अशी ही सांगड आहे. तिचा धडा फडात आधीच गिरवला गेला होता.

धुळे व जळगाव भागातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एखादा जुना बंधारा पाहावा आणि गावातील वृद्ध शेतकऱ्यांकडून पाळ्यांचा क्रम लिहून घ्यावा. मग वरचा हिशेब त्या फडासाठी करून पाहावा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच सहलीत शिकवता येईल.